ताईच्या शेडवर माझा दावा

ताई,

तुझ्या मरणात मला एकही आरोपी सापडत नाही.

तू म्हणशील, मनू, सुरुवातच भांडणानं. पण मला दुसरं येतं काय? पत्रक लिहायचं म्हणजे वर कुणावर तरी बोट ठेवायचं, मध्ये मागण्या मांडायच्या आणि खाली लोकांना जमायला सांगायचं. एवढंच मी शिकले. तू गेल्यावर मी खरंच शोधलं. ताप साधा वाटला होता, तो साधा निघाला नाही. डॉक्टरांनी करायचं ते केलं. ॲम्ब्युलन्स वेळेवर आली. सुट्टीचा दिवस नव्हता म्हणून रस्तासुद्धा मोकळा होता. एखादी नर्स तरी उद्धट बोलली असती, तर मी आज तिथल्या दारात बसले असते. तीही जवळ आली आणि पाठीवरून हात फिरवून गेली. एवढा राग घेऊन माणसानं जायचं कुठं?

म्हणून तुझ्याकडेच आले.

आमच्या समितीतली पोरं म्हणाली, ताईंवर चार शब्द लिही, आपण छापू. बसले लिहायला. 'कष्टाळू, मनमिळाऊ, सर्वांच्या मदतीला धावणारी.' मनमिळाऊ? तू? गाडी दाखवायला आलेला माणूस 'मी मोबाइलवर बघितलंय, हे असं असतं' म्हणाला की तू हातातलं तेलकट फडकं त्याच्या हातात द्यायचीस आणि म्हणायचीस, मग करा की. मी तो कागद फाडला. खोटं मी परक्यांबद्दल लिहीत नाही, तुझ्याबद्दल कशाला लिहू?

खरं हे आहे की मी तुझ्यावर जळत होते. तुझ्या त्या शेडवर जळत होते, तिच्यातल्या पान्यांवर जळत होते, शटर वर गेल्याचा आवाज आला की जमणाऱ्या माणसांवर जळत होते. हे मी कधी बोलले नाही आणि तू कधी विचारलं नाहीस. कार्यकर्त्याला मत्सर शोभत नाही म्हणतात. कोण म्हणतं? ज्यांच्या घरात तुझ्यासारखी बहीण नव्हती ते.

आणि एक लक्षात ठेव. सुरुवातीला ती शेड माझीही होती.

आई गेल्यावर बाबांनी म्हशी विकल्या. रेल्वेच्या रूळ दुरुस्तीच्या गँगमध्ये जन्म घालवलेला माणूस, गुडघे कामातून गेलेले, धारा काढणार कोण? गोठा रिकामा पडला. तू तेव्हा तळेगावच्या बाजूला गाड्यांच्या सर्व्हिस सेंटरला जात होतीस. आयटीआयचं सर्टिफिकेट असूनही तुला काउंटरवर बसवलेलं, आलेल्या गिऱ्हाइकाला पाणी विचारायला. एक दिवस घरी आलीस, चपला काढल्या आणि बाबांना म्हणालीस, गोठा मला द्या. बाबांना वाटलं, पोरगी म्हैस घेतेय.

त्या रविवारी सकाळी तू मला ओढून उठवलंस. घमेल्यात चुन्याची फक्की होती. गोठ्यापुढच्या अंगणात तू आधी गाडी काढलीस, खऱ्या मापाची. मग तिचे चारही दरवाजे सताड उघडे काढलेस. लोक बंद गाडीचं माप घेऊन शेड बांधतात आणि मग दार उघडलं की भिंतीला घासतं, हे तू मला तेव्हा सांगितलंस. जॅकचा दांडा मागे किती येतो ते आखलंस. बॉनेटपुढे माणसाला वाकायला किती जागा लागते, ते स्वतः वाकून आखलंस. आणि मला म्हणालीस, झोप.

मी त्या चुन्याच्या गाडीखाली पाठीवर झोपले. तू माझ्या पायांभोवती रेघ ओढलीस, कारण गाडीखाली माणूस असला की त्याचे पाय बाहेर येतात आणि त्या पायांना अडखळून कुणी पडता कामा नये. त्या शेडची रुंदी माझ्या पायांनी ठरली, ताई. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, कारण ते मला एकटीला ठेवायचं होतं. तेवढ्यात शेजारच्यांची कोंबडी बॉनेटमधून शिरून डिकीतून बाहेर पडली आणि तू तिला म्हणालीस, बाजूनं जा गं, गिऱ्हाइकाची गाडी आहे. आपण दोघी एवढं हसलेलं मला त्यानंतर आठवत नाही.

सगळं तू मला विचारलंस. म्हणजे विचारायचीस आणि माझं उत्तर यायच्या आत स्वतःच ठरवायचीस, पण विचारायचीस. मी म्हटलं, गॅरेजला खड्डा असतो, खाली उतरून काम करायला. तू म्हणालीस, आपल्या कुसगावात जुलैत कुदळ मारली की पाणी लागतं, त्या खड्ड्यात उतरून मासे धरू? ट्यूबलाइट मधोमध नकोत, दोन्ही बाजूंच्या भिंतींवर हव्यात, म्हणजे वाकल्यावर आपलीच सावली इंजिनावर पडत नाही. शटर पश्चिमेला नको, तिकडून पाऊस आडवा आत येतो. तुंगार्लीत एक जुना बंगला पाडत होते, तिथून तू सागवानी दार आणलंस आणि त्याचं कामाचं टेबल केलंस. त्याला लोखंड पकडायचा व्हाइस बसवताना दार मी धरलं होतं. दाराला जिथं कडी होती ते भोक अजून तसंच आहे. त्यात तू स्क्रूड्रायव्हर उभा ठेवायचीस.

आरोपी हवाच असेल तर मी शेडची जमीन घालणाऱ्या नामदेवकाकांना धरीन.

तू त्यांना तीनतीनदा बजावलं होतंस, काका, जमीन एकदम सपाट पाहिजे, गाडी जॅकवर चढवायची आहे. ते बरं बरं म्हणाले. काँक्रीट पडलं त्या दिवशी तू कामावर होतीस, मी वडगावला तहसील कचेरीपुढे घोषणा देत होते. आणि काकांनी आयुष्यभर जे केलं तेच केलं. जमिनीला ढाळ दिला. मावळातल्या गवंड्याच्या हाताला सपाट येतच नाही. ओटा असो, मोरी असो, अंगण असो, पाणी बाहेर गेलं पाहिजे हे त्याच्या मनगटात बसलेलं असतं. तू संध्याकाळी येऊन गोटी ठेवलीस आणि ती घरंगळत शटरपर्यंत गेली. तू ओरडलीस. काका शांतपणे थापी धूत म्हणाले, "वैशाली, ढाळ न्हाई दिला तर पावसाळ्यात तुझी गाडी पोहंल. मंग मला बोलू नको."

फोडायची म्हटलं तर नवी जमीन. तू ठरवलंस, चालवून घेऊ. आणि पहिलीच गाडी आली ती हँडब्रेक लागत नाही म्हणून. पुढचं मला ऐकून माहीत आहे, आणि ते ऐकून सांगावं लागतं हेच माझं दुखणं आहे. त्या दिवशीही मी कुठल्या तरी निवेदनामागे होते. तू गाडीखाली वाकणार, एवढ्यात ती आपोआप मागे सरकायला लागली, शेडमधून बाहेर, थेट रस्त्याकडे. समोरून एक पिकअप येत होता. हॉटेलांना इंद्रायणी तांदळाची पोती टाकणारा. चालवणारीनं ब्रेक मारला, उडी टाकली, बांधावरचा दगड उचलला आणि गाडीच्या चाकामागे सारला. मग कमरेवर हात ठेवून तुला म्हणाली, "ब्रेक न्हाई आन् उतारावर लावलीस व्हय? लय शानी हायेस."

तुला कुणी असं बोललं तर तू त्याला गेटबाहेर काढायचीस. तिच्यावर तू हसलीस.

ती कुंदा. वडिवळ्याची, भातवाल्या घरातली, नवऱ्याच्या जागी स्वतःच पिकअप चालवणारी. नामदेवकाकांनी जमीन सपाट केली असती तर कुंदा पोती टाकून पुढे निघून गेली असती. एका गवंड्याची सवय आणि माझ्या आयुष्यात कुंदा. हा अन्याय मी कुठल्या कचेरीत मांडू?

दुसऱ्या दिवशी मी घरी आले तर शेडच्या तोंडाशी चिखलाचा बांध घातलेला, आत पाणी सोडलेलं, आणि तुम्ही दोघी सलवारी गुडघ्यापर्यंत वर करून त्या पाण्यात उभ्या. कुंदा म्हणत होती, भाताचं खाचर सपाट करताना आमी दुसरं काय करतो, पाणीच सांगतं कुटं चढ हाय. पाणी स्थिर झालं तशी तू भिंतीवर आणि खुंट्यांवर त्याची रेघ मारलीस. मग त्या रेघेला धरून तुम्ही चाकांसाठी काँक्रीटचे दोन लांब पट्टे घातलेत, वरून अगदी सपाट. बाकीची जमीन काकांच्या ढाळावर तशीच ठेवलीत. गाडी सपाट उभी राहते, पाणी बाहेर जातं. काका आले, पायानं पट्टा ठोकून बघितला आणि म्हणाले, म्हणजे ढाळ बरोबरच होता.

मी दारात उभी होते. तू वर बघितलंस आणि म्हणालीस, मनू, चहा टाक.

त्या दिवसापर्यंत मी गाडीखाली झोपणारी होते. त्या दिवसापासून दर रविवारी कुंदा तुझ्या हाताखाली काम करू लागली आणि मी चहा टाकणारी झाले.

तू म्हणशील, आली असतीस तर घेतलं असतं. कधी येणार होते? माझ्या मागे सभा, तुझ्यामागे गाड्या. आणि मला शिरायला जागा कुठं ठेवली होतीस? पावसाळ्यात आपल्याकडे कपाटात कपड्यांनासुद्धा बुरशी येते, चामड्याची चप्पल हिरवी होते. तू पान्यांसाठी लोखंडी कपाट आणलंस आणि त्यात खाली एक बल्ब लावून ठेवलास, जून ते ऑक्टोबर, रात्रंदिवस. गंज चढू नये म्हणून. माझ्या पत्रकांचे गठ्ठे पलंगाखाली ओले होऊन फुगत होते. मी म्हटलं, ताई, खालच्या कप्प्यात ठेवू का? तू म्हणालीस, कागदाला तेल लागेल. कागदाची काळजी नव्हती तुला, कप्प्याची होती. तुझ्या पान्यांना दिवा आणि माझ्या शब्दांना बुरशी. मी त्या कपाटाकडे बघून काय काय बोलले असेन ते विचारू नकोस.

आणि तो आपला वाद. तो तर तू अर्धाच टाकून गेलीस.

शनिवार-रविवार मुंबईपुण्याच्या गाड्या आपला रस्ता खातात. बाळंतीण अडकते, दूध नासतं, शाळेचं पोर दोन तास चालतं. मी त्याच्यावर पत्रक काढलं, चौकात उभी राहून वाटलं, लोकांनी भज्यांना गुंडाळायला घेतलं. आणि त्याच गर्दीत इंच इंच सरकून ज्यांची क्लच प्लेट जळाली, ते लोक कुणाचा पत्ता विचारत यायचे? तुझा. मी पुढच्या दारानं त्यांना हाकलायचा कार्यक्रम करत होते, तू मागच्या दारानं त्यांना दुरुस्त करून देत होतीस. मी म्हटलं, तू त्यांना सोडवतेस म्हणून ते परत येतात. तू बोल्ट सोडवता सोडवता म्हणालीस, नाही सोडवलं तर इथंच राहतील, मग काय करशील?

ह्याच्यावर माझं उत्तर तयार होतं. चांगलं दोन मुद्द्यांचं होतं. मी ते सभेसाठी राखून ठेवलं. आता ते घेऊन मी काय करू?

दुसरा वाद त्याहून जुना. वरच्या आळीतले विठ्ठलआबा आठव. आपल्या वस्तीवरून जाताना पाणी विचारलं तर 'आत्ताच घेतलं' म्हणणारं घर. माझं सगळं शिक्षण, सगळी भाषणं त्या 'आत्ताच घेतलं'वर झाली. मी त्यांना समतेचं पत्रक दिलं तेव्हा त्यांनी चष्मा नाही म्हणून खिशात घातलं. आणि तुझ्याकडे त्यांची जुनी जीप आली, तीन दिवस राहिली, आबा स्टुलावर बसून राहिले, आणि दुसऱ्या दिवशी मी टाकलेला चहा त्यांनी बशीत ओतून फुंकत फुंकत प्यायला. मी आत येऊन भिंतीला टेकले. मला आनंद व्हायला हवा होता ना? मला जळायला झालं. माझ्या इतक्या वर्षांच्या कागदांना जे जमलं नाही ते तुझ्या एका गिअरबॉक्सला जमलं.

मी तुला म्हटलं, गाडी अडलीय म्हणून पितात. गाडी चालू झाली की विसरतील. तू म्हणालीस, प्यायले ना?

"पिणं म्हणजे बदल नाही, ताई."

"मग न पिणं म्हणजे काय होतं इतके दिवस?"

तू अशी बोलायचीस. हात कामात, डोळे इंजिनात, आणि माझ्या तोंडचा घास काढून घ्यायचीस. खंडेनवमीला वरच्या आळीतली तीच माणसं झेंडूचे हार घेऊन तुझ्या पान्यांची पूजा करायला आली, तेव्हा मला वाटलं, आता ताई आपली भूमिका मांडेल. मी कान टवकारून उभी. तू म्हणालीस, हार गाडीला घाला, पान्यांना नको, सॉकेटमध्ये पाकळ्या अडकतात. झाली भूमिका मांडून. आणि कुणी वाईटही वाटून घेतलं नाही. मी बोलले असते तर गावात दोन गट पडले असते.

दवाखान्यातलं मी लिहिणार नव्हते. एकच लिहिते. शेवटच्या दुपारी तुला थोडी शुद्ध आली, मी तुझा हात धरून बसले होते, आणि तू विचारलंस, कुंदा आली का? मी म्हटलं, येतेय. ती खरंच येत होती, कामशेतपाशी होती. तू डोळे मिटलेस. मी तिथंच होते, ताई. हात माझ्या हातात होता.

पुढे माझं नाव घेणार होतीस, की नव्हतीस? हे मला आता कोण सांगणार?

तुझ्या पुण्यानुमोदनाला अंगण पुरलं नाही. माझ्या सभांना मी खुर्च्या मोजून मागवते आणि तरी उरतात. तुझ्यासाठी लोक उभे राहिले. पांढऱ्या कपड्यातली आपली माणसं, गावातली माणसं, हॉटेलांतले ड्रायव्हर, तिकोणा पेठेहून आलेलं एक म्हातारं जोडपं, त्यातली म्हातारी म्हणाली की पोरीनं आमची गाडी नीट केली आणि वर आमालाच चहा पाजला. तो चहा मी टाकला होता. कुणी म्हणालं नाही. वंदना झाली, लोक बोलले, आणि बोललेल्या प्रत्येकाकडे तुझ्याविषयी मला माहीत नसलेलं काहीतरी होतं. माझी बहीण लोकांनी माझ्यासमोर वाटून घेतली.

विठ्ठलआबाही आले. चालत. जीप त्यांनी मागच्या वर्षीच विकली, आता त्यांना तुझ्याकडे काही काम नव्हतं. अंगणात बसले नाहीत. शेडचं शटर अर्धं वर होतं, त्याच्याखालून वाकून आत गेले आणि त्याच स्टुलावर बसले. मी मागे गेले. म्हटलं, आबा, बाहेर बसा, तिकडे पंखा आहे. ते म्हणाले, "असू दे. चहा न्हाई का आज?"

मी त्यांना चहा नेऊन दिला. प्यायले. म्हणजे तू जिंकलीस असं समजू नकोस. एक आबा म्हणजे गाव नव्हे, हे माझं म्हणणं कायम आहे. पण हे तुला तोंडावर सांगता येत नाही आणि तू बोल्ट सोडवता सोडवता दुसरं काही बोलत नाहीस, असा एकतर्फी वाद घालायचा नियम नव्हता आपला.

आता शेडचं सांगते. हे सगळं लिहिलं ते त्याच्यासाठी.

तू आजारी पडलीस तेव्हा आत एक पांढरी गाडी होती. मुंबईच्या एका बाईंची, घाटात क्लच जळालेली. तू गिअरबॉक्स खाली काढून ठेवलेला. तशीच उघडी पडून राहिली ती, पट्ट्यांवर, पोट फाडलेल्यासारखी. बाबांनी मला बोलावलं आणि म्हणाले, पोरी, शेडचं काय करायचं ते तू सांग. माझ्यानं तिकडं बघवत नाही.

समितीनं सुचवलं, तिथं अभ्यासिका करू. वस्तीतल्या पोरींना बसायला जागा नाही, हे खरंच आहे. दाराशी तुझा फोटो, आत टेबलं, पुस्तकं, वर नाव: वैशाली स्मृती अभ्यासिका. समितीतला सचिन फळ्यांची मापंसुद्धा घेऊन गेला. कोण नाही म्हणेल? ह्याला विरोध करणाऱ्याचं तोंड गावात दिसणार नाही. मी हो म्हटलं, आणि हो म्हणताना मला जे गार गार वाटलं, ते पोरींच्या अभ्यासासाठी नव्हतं. कुंदाला आता चहा टाकायलासुद्धा जागा राहणार नव्हती, त्याचं होतं. ती मागणी नव्हती, ताई. तो सूड होता, आणि त्याच्यावर मी पुस्तकं रचणार होते.

कुंदा आली ती परवा दुपारी. पिकअप बाहेर लावला, पायरीवर बसली. पाणी दिलं, प्यायली. म्हणाली, त्या बाईंचे फोन येत्यात, गाडी मी जोडते, शेडची चावी दे. मी सांगितलं, गाडी टोचन लावून नेऊ दे त्यांना, इथं अभ्यासिका होणार आहे.

तिनं रिकामा तांब्या पायरीवर ठेवला. मग म्हणाली, "कुणी ठरवलं?"

"मी."

"बरं."

भांडली असती तर मी तयार होते. ती उठली, ओढणीनं तोंड पुसलं आणि पिकअपकडे निघाली. आणि माझ्याच तोंडून निघालं. मी विचारलं, कुंदा, इतके रविवार तुम्ही दोघी तिथं असायचात. माझ्याबद्दल काय बोलायची ती?

"काय न्हाई."

"काहीच नाही?"

"काम करताना काय बोलायचं असतं? पाना दे. दिवा हिकडं कर. पाय आत घे." ती परत आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. "बोलायला तिला तू व्हतीस की. घरात तुझ्यासंगं बोलून बोलून दमून यायची. मी काय काढाय गेले की म्हणायची, कुंदे, गप बस, घरात लय झालंय."

 इतकी वर्षं त्या शटरच्या आड काय काय चाललं असेल म्हणून मी जळत होते. गुपितं असतील, हसणं असेल, माझी उणीदुणी असतील. आणि तिथं काय होतं? पाना दे. तुझं सगळं बोलणं, सगळं चिडणं, ते एकेक खोचक वाक्य, ते तू माझ्यावर खर्च करून जायचीस. तिच्यासाठी उरायचं नाही. मला हसू आलं, आणि त्याच वेळी वाटलं, मला ती शांतता का दिली नाहीस? माझ्याबरोबर एकदा तरी गप्प बसली असतीस.

बघ, त्यातही मला जळायला जागा सापडली.

मी चावी दिली. मोठेपणा म्हणून नाही, हे नीट समज. अभ्यासिका झाली असती तर दरवर्षी मलाच तुझ्या फोटोला हार घालावा लागला असता, आणि फोटोतली बाई उलट बोलत नाही. मला ती नको. संध्याकाळी समितीच्या बैठकीत मी सांगितलं, अभ्यासिका होणार, पण दुसरीकडे जागा बघू, शेडमध्ये गाडी लागते. सचिन म्हणाला, मग ताईंची आठवण कशी राहणार? मी म्हटलं, तुम्हाला कशाला हवी? बहीण माझी होती. बैठक तिथंच संपली. पोरं जरा घाबरली असावीत.

आज सकाळी कुंदा आली. शटर मी वर केलं. ती गाडीखाली गेली, पाय बाहेर राहिले, आणि मी त्या पायांकडे बघत उभी राहिले. मला जा म्हणायची तिची हिंमत झाली नाही, थांब म्हणायचीही झाली नसावी. एकदा तिनं गिअरबॉक्स चढवला आणि तो नीट बसला नाही, तेव्हा ती आईबहिणीवरून काहीतरी बोलली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. तू असतीस तर एका झटक्यात बसवला असतास. मग तिनं खालून हात बाहेर काढला. 'पाना दे' म्हणायचीही वाट न बघता मी पाना पुढे केला. चुकीचा होता. तिनं तो परत दिला, मी दुसरा दिला. दुपारपर्यंत आम्ही त्याच्याशिवाय काही बोललो नाही.

मी चावी फिरवून गाडी सुरू केली तेव्हा कुंदा बॉनेटपाशी उभी होती. तिनं इंजिनाकडे बघितलं नाही. तिची नजर शटरच्या डाव्या कोपऱ्याकडे गेली, तिथं थांबली, आणि खाली आली. म्हणजे गाडी सुरू झाली की तू तिथं जाऊन उभी राहायचीस, लांबून आवाज ऐकायला. मी इतकी वर्षं ह्याच घरात राहिले, ताई, मला हे माहीत नव्हतं.

हेसुद्धा तिलाच आधी माहीत होतं.